झाकणाच्या चिरा

बीर, हिमाचल प्रदेश
२१ जानेवारी २०२४

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असं धरून चाल. इथे एवढी थंडी आहे की एकदा वाकलो तर ऊन येईपर्यंत तसाच राहीन.

फोनवर भांडलो ते भांडलो. आपलं फोनवर तिसऱ्या मिनिटाला वाजतंच. तू म्हणालीस की पत्र लिही, पत्रात तू निदान वाक्य पुरं करतोस. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या हातातलं घड्याळच मागितलं. मग तो म्हणाला की त्याच्या मावसभावाचं सासर सुरतेला आहे, आणि मी तिथे अर्धा तास सुरतेच्या गप्पा मारत बसलो. मी सुरतेला एकदाच गेलोय, तेही चुकीच्या गाडीत बसून.

तर मुद्दा खोलीचा. माझी खोली तू एक तारखेपासून निहार नावाच्या मुलाला दिलीस. मकरपुऱ्याला कारखान्यात इंजिनियर आहे, जळगावचा आहे, सालस आहे, सगळं ऐकलं. मला काही नाही त्याचं. मी तीन वर्षं फिरतोय, खोली रिकामी ठेवून तू काय तिची पूजा करणार होतीस? फोनवर ओरडलो ते वेगळ्या कारणाने. कारण आता आठवत नाही.

फक्त एवढंच, की बाबांची कोयली रिफायनरीतून मथुरेला बदली झाली आणि मला शाळेसाठी तुझ्याकडे ठेवलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि त्या खोलीत माझी कॉट लावताना तू म्हणाली होतीस, ही आता तुझी. मला आठवलं म्हणून लिहिलं. त्याला सांग, खिडकीची कडी सैल आहे, वारा आला की वाजते. आणि ओट्याजवळच्या निळ्या स्टुलावर बसू नये, त्याचा एक पाय आखूड आहे. कसं बसायचं ते मला माहीत आहे.

मी सध्या एका कॅफेत आहे. आकाशात दिवसभर माणसं छत्र्या बांधून उडत असतात, आणि खाली उतरली की त्यांना भूक लागते, असा इथला धंदा आहे. मालकीणबाईंना सगळे दीदी म्हणतात. तिने मला ओव्हनवर घेतलंय. आत्या, मी एक पदार्थ शिकलोय, पॉट-पाय. नाव साहेबी आहे, काम सोपं आहे. गिऱ्हाईक आटोपलं की संध्याकाळी आम्हा कामाच्या माणसांचं जेवण म्हणून दीदी उरलेल्या भाज्यांचा करते. कांदा लोण्यात परतायचा. गाजर, वाटाणा, बटाटा, फरसबी बारीक चिरून त्यात. शिजत आलं की वर दोन चमचे मैदा भुरभुरायचा, हलवायचं, मग थोडंथोडं दूध. मीठ, मिरी. पिठल्याएवढं दाट झालं की खोलगट भांड्यात ओतायचं. वर भरपूर मोहन घातलेल्या मैद्याची जाड पोळी झाकणासारखी पसरायची, कडा बोटाने दाबायच्या आणि ओव्हनमध्ये सारायचं. झाकणाला सुरीने तीन-चार चिरा पाडायच्याच. पहिल्या दिवशी मी विसरलो, तर झाकण टम्म फुगलं, दीदी वाकून बघायला गेली, सुरी लावली, आणि आतला उकळता रस्सा तिच्या भुवईवर उडाला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणून चिरा मी आता झोपेतही पाडतो.

इथे एक कुत्रं आहे, त्याला फक्त झाकण लागतं, आतलं नाही. त्याचं नाव सांगायला लागलो तर पान संपेल.

हे मी येऊन तुला करून घालणार. होळीला येतो बहुतेक. तोवर कुणाला सांगू नकोस. निहारला तर नकोच.

तुझा,
उन्मेष

०

कारेलीबाग, बडोदे
२ फेब्रुवारी २०२४

चि. उन्मेष,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय, पण वाक्यं पुरी आहेत.

कुणाला सांगू नकोस असं तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. मी पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत होते आणि निहार समोर वाटाणे सोलत बसला होता. त्यामुळे त्याचा माझा दोघांचाही इलाज नव्हता.

बुधवारी तो कंपनीच्या बसमधून साडेसहाला उतरला, हातपाय धुतले आणि म्हणाला, आज तुम्ही बसा. आपल्याकडे ओव्हन नाही हे तुला ठाऊक आहे. त्याने माळ्यावरचा हांडव्याचा कुकर काढला, शेगडीवरच भाजता येतं म्हणून ऑफिसातल्या कोकिळाबेनने मला निवृत्तीला दिला होता तो. खालच्या थाळीत वाळू भरली, वर भांडं. भाज्या तू लिहिल्यास त्याच, वर मूठभर लीलवा, सध्या तुरीचे हिरवे दाणे छान येतायत. मैदा घरात नव्हता, तर माझ्याकडे भाखरीचं पीठ भिजवलेलं होतं, कडक बिस्किट भाखरीचं, त्याचंच झाकण लाटलं. मी म्हटलं, वरून लाल होणार नाही, आच खालूनच आहे. तर त्याने दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा लालभडक तापवला आणि कुकरच्या झाकणाऐवजी तोच पालथा घातला. पाऊण तासात पानावर. वरचं खुसखुशीत, आतलं मऊ. मी दोनदा घेतलं.

आता दर बुधवारी करायचं असं ठरलंय. आठवड्याच्या मधल्या दिवशी मला स्वयंपाकाचा कंटाळा येतो, तेवढीच सोय.

मुलगा कामाचा आहे. खिडकीची कडी त्याने बसवली, आता वाजत नाही. मला काकू म्हणायचा, मी म्हटलं, काकू म्हणू नकोस, मला उगीच कुणाची तरी बायको असल्यासारखं वाटतं. मग आता आत्या म्हणतो. स्टुलाच्या आखूड पायाखाली रबराचा तुकडा लावलाय, कारखान्यातून आणला. त्याच्या कारखान्यात वाफेचे व्हॉल्व्ह करतात.

तुझं पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलंय, कृती बघायला बरं पडतं.

एक विचारायचं आहे. निहारला कंपनीने कायम केलं. जूनपर्यंतचं बोलणं होतं, आता पुढेही राहीन म्हणतो. तुझं काय ते नीट कळव, मग मी त्याला हो किंवा नाही सांगेन. आणि होळीला ‘बहुतेक’ म्हणजे काय?

गरम कपडे घालत जा.

तुझी,
आत्या

०

बीर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

दोनदा घेतलंस.

मी बारावीत असताना केलेली खिचडी तू एकदा घेतलीस आणि म्हणालीस, बरी आहे. ते सोड. मी मोजत नाहीये.

तवा पालथा घातला हे मात्र हुशारीचं आहे. मला सुचलं असतं, पण मला ओव्हन आहे, त्यामुळे सुचायची गरज पडली नाही. तो तवा घावनांचा ना? त्याला इतकं तापवायचं नसतं, तूच मला ओरडली होतीस. निहारला ओरडली नाहीस का? नसशील. पाहुण्याला कोण ओरडतं. फक्त आता तो पाहुणा राहिला नाही असं दिसतंय.

कडी मी मुद्दाम सैल ठेवली होती. ती वाजली की मला झोप लागायची. आता त्याला काय माहीत. आणि स्टुलाखाली रबर. आत्या, ते स्टूल हलायचं म्हणून तर त्यावर बसायचं. तू पोळ्या लाटायचीस आणि मी डुलत परवचा म्हणायचो, तेराच्या पाढ्याला पडलो होतो, कपाळावर खूण आहे अजून. कॅफेत काल एक बाई विचारत होती ही खूण कसली, मी म्हटलं हिमस्खलनात सापडलो होतो. तिने मला चहा पाजला.

आणि ‘आत्या’. बघ, मला त्याचं काही नाही. पण जगात तुला आत्या म्हणणारे दोघंच आहेत, मी आणि ओवी. त्यात ओवी आईबाबांजवळ मथुरेला आणि वर्षातून एकदा भाऊबीजेला घाईत म्हणणार. म्हणजे तो शब्द जवळजवळ माझाच होता. खोलीचं एक वेळ चालेल, खोलीत कुणीही राहू शकतं. बडोद्यात त्याच्या वयाच्या मुलांनी मावशी म्हणायची पद्धत आहे, मासी म्हणतात सगळे, तेवढं चाललं नसतं का?

जूनचं मला विचारू नकोस. घर तुझं आहे. ठेव त्याला. होळीचंही नक्की नाही, सीझन आहे.

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. दीदीने पॉट-पायची पद्धत आता बदलली आहे. चिरा पाडत नाहीत. चिरांतून सगळा वास उडून जातो आणि आतलं कोरडं पडतं. नवी पद्धत अशी की भांडं काठोकाठ भरायचं, झाकण नेहमीपेक्षा जाड लाटायचं, आणि कडेने ओल्या कणकेची वळी फिरवून सीलबंद करायचं, दमाच्या बिर्याणीला करतात तसं. वाफ जरासुद्धा बाहेर जाता कामा नये. वाढायच्या वेळी मधोमध सुरी घालून उघडायचं. चव दुप्पट लागते. निहारला सांग पुढच्या बुधवारी असं करायला. म्हणावं, उन्मेषने खास त्याच्यासाठी पाठवलंय. उघडायचा मानही त्यालाच दे.

इथे बर्फ पडलं. सगळे नाचले. मी नाही नाचलो.

उन्मेष

०

(पोस्टकार्ड)

बीर
११ मार्च २०२४

ती. आत्या,

काल दहा मार्च होता. मथुरेहून आईचा फोन, बाबांचा फोन, ओवीने माझा नागडा बाळपणीचा फोटो सगळ्यांना पाठवला. दीदीने बनपावात मेणबत्ती खोचली. काल रविवार, म्हणून आज पोस्टात जाऊन सात वेळा पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, बेटा, टपाल रोज एकदाच येतं.

महिना झाला, तुझं पत्र नाही. चोवीस पूर्ण झाली मला. निहारचा वाढदिवस कधी असतो? तो लक्षात असेल.

उन्मेष

०

कारेलीबाग, बडोदे
१८ मार्च २०२४

उन्मेष यांना,

नमस्कार. आपली ओळख नाही. मी निहार, आत्यांच्या घरी राहतो. तुमच्या खोलीत.

पत्र मी लिहितोय कारण आत्यांचा उजवा हात भाजला आहे. घाबरू नका, डॉक्टर म्हणाले तीन आठवड्यांत भरून येईल. मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी आहे. फोन करू का म्हणून मी दोनदा विचारलं, त्या नको म्हणाल्या. तुम्ही फोनवर भांडता आणि मग जेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला कळवूच नकोस असं त्यांनी मला सांगितलं होतं. हे पत्र मी त्यांना न विचारता लिहितोय.

बुधवारी, तेरा तारखेला, फाल्गुन शुद्ध चतुर्थी होती. तिथीने तुमचा वाढदिवस. मला माहीत नव्हतं, सकाळी देवापाशी तुमच्या नावाने सुपारी ठेवली तेव्हा त्यांनी सांगितलं. महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण त्यांचं म्हणणं होतं की उन्मेष जूनचं नीट उत्तर देईपर्यंत मी लिहिणार नाही. पण वाढदिवसाला लिहायचं ठरलं होतं. संध्याकाळी पॉट-पाय करून, तो खाऊन, मग कसा झाला ते तुम्हाला कळवायचं.

तुमची नवी पद्धत आल्यापासून त्यांनी मला ती करू दिली नव्हती. म्हणाल्या, ही उन्मेषच्या वाढदिवसाला मी स्वतः करणार. त्या दिवशी मी भाज्या चिरून दिल्या आणि बघत उभा राहिलो. त्यांनी भांडं काठोकाठ भरलं. जाड झाकण. कडेने कणकेची वळी. मी म्हटलं, आत्या, वाफेला वाट लागते. मी दिवसाचे आठ तास वाफेला वाट करून देणारे व्हॉल्व्ह तपासतो, दुसरं मला काही येत नाही, पण हे येतं. एक तरी चीर पाडू द्या.

त्या म्हणाल्या, “तू तुझ्या कारखान्यातलं बघ. त्याने हे स्वतःच्या हाताने केलेलं आहे.”

तवा काढला तेव्हा झाकण पुरीसारखं वर आलं होतं. उघडायचा मान मला द्यायचा असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मी सुरी घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, वाढदिवस त्याचा आहे, मी उघडते. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. नळाखाली हात धरून त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की माझाच हात जड, उन्मेषची पद्धत बरोबर असणार.

त्या जेवल्या. डाव्या हाताने. मी भांड्याच्या कडेचं खरवडून दिलं.

तुमचं पोस्टकार्ड शनिवारी आलं. वाचून हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं या घरात राहून पोरगा तिथी विसरला.

मग मी फ्रिजवरची तुमची दोन्ही पत्रं शेजारीशेजारी ठेवून वाचली. पहिल्यात दीदींच्या भुवईबद्दल आहे. दुसऱ्यात जे आहे ते आहे. मला वाटतं मला समजलं. त्यांना मी काही बोललो नाही. पहिलं पत्र काढून माझ्या बॅगेत ठेवलंय. त्यांना सांगितलं, ओलं झालं, वाळत घातलंय. फाडू की परत लावू, ते तुम्ही ठरवा.

एक लिहितो, राग मानू नका. मी इथे जानेवारीपासून आहे. कपाटाची उजवी बाजू मला आहे, डावीला कुलूप आहे. मी काहीही रांधलं की त्या म्हणतात, छान झालंय, उन्मेष आला की त्याला करायला सांगू. मी कडी बसवली त्या दिवशी त्या दोन वेळा खोलीत येऊन गेल्या, आणि म्हणाल्या, आता किती शांत झालं. मला ते कौतुक वाटलं होतं. तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं की नव्हतं. कडी मी परत सैल केली आहे.

तुम्ही माझ्यावर जळता हे दुसऱ्या पत्रावरून दिसतं. इथे उलटा प्रकार चालू आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

निहार

०

छाणी, बडोदे
२९ मार्च २०२४

ती. आत्या,

पत्त्यावर छाणी वाचून चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस. मी पाच दिवस इथे आहे. शाळेतला सोहम आठवतो ना, डबा न आणणारा, त्याचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे, त्याच्या मागच्या खोलीत. त्याने वेल्डिंगचा चष्मा देऊन मला कामाला लावलंय आणि रोज विचारतो, “घेर क्यारे जईश?” मी म्हणतो, जाईन घरी, जाईन.

निहारचं पत्र मिळालं त्या दिवशीच निघालो. दीदीला सांगितलंही नाही, कुत्र्याला सांगितलं. गाडीत बडोद्याचे एक आजोबा भेटले, त्यांनी बटाट्याचा ओलसर लीलो चिवडो दिला, आणि मी तो तसाच परत केला. तुला माहीत आहे की मी लीलो चिवडो परत करणं म्हणजे काय.

सोमवारी, धुळवडीला, सोहमची स्कूटर घेऊन कारेलीबागेत आलो होतो. सगळी सोसायटी रंगलेली, मला कुणी ओळखलं नसतं. तू गॅलरीत बसली होतीस, हात मांडीवर, पांढरी पट्टी. निहार दोरीवर तुझी साडी वाळत घालत होता. निऱ्यांच्या घडीवर घडी, अगदी तुला लागते तशी. मला शिकवताना तू तीन वर्षं हरलीस. मी खाली उभा होतो आणि आत्या, खरं सांगतो, तेव्हा मनात आधी तुझा हात आला नाही. आधी आलं, की हा माझ्या जागी उभा आहे. त्याची लाज वाटली आणि स्कूटर वळवली. बुधवारी पुन्हा आलो, सोसायटीच्या फाटकापर्यंत. पुन्हा वळलो.

तोंडाने सांगता येणार नाही म्हणून लिहितो. फोन केला तर तिसऱ्या मिनिटाला मीच उलटा तुझ्यावर ओरडेन, मला मी माहीत आहे.

चिरा पाडतात. दीदी कायम पाडते, सगळे पाडतात, पद्धत वगैरे काही बदलली नाही. मी खोटं लिहिलं. मला निहारच्या तोंडावर उडालेलं पाहिजे होतं. थोडंसंच. तू हसशील, म्हणशील, उन्मेष असता तर नीट झालं असतं, एवढंच डोक्यात होतं. काठोकाठ भरायला सांगितलं, वळी लावायला सांगितलं, सगळं विचार करून लिहिलं. बी.कॉम.चा पेपर एवढा विचार करून लिहिला असता तर आज कुठेतरी असतो. पत्र पेटीत टाकताना ते अर्ध्यात अडकलं होतं, पेटीच्या तोंडाशी बर्फ होतं. बोटांनी ओढून परत घेता आलं असतं. मी ढकललं.

तू ते स्वतः करशील हे मला सुचलंच नाही. तुझ्या हातून सुरी कुणी घ्यायची नसते हे मी कसं विसरलो? पंधरा वर्षांत मला केकसुद्धा कापू दिला नाहीस.

निहारने माझं पहिलं पत्र लपवलंय, तुला माझा खोटेपणा कळू नये म्हणून. त्याच्याकडून ते घे आणि वाच, म्हणजे दोन्ही पत्रं समोर राहतील. त्याने लपवलं हे मला सगळ्यात जास्त लागलं. चांगुलपणातही तो पुढे. मला त्याचा राग येत नाही म्हणून अजून राग येतो. हे वाक्य पुरं झालं का बघ.

खोली त्याला दे. जूननंतरही दे. हे मी रुसून लिहीत नाही, निदान आत्ता तरी नाही. पण, आत्या, तो तुला काय म्हणतो ते तूच ठरव, माझी त्यावर सही घेऊ नकोस.

सोहमचा पत्ता मागे लिहिला आहे. उत्तर आलं नाही तर समजेन.

उन्मेष

०

कारेलीबाग
५ एप्रिल २०२४

चि. उन्मेष,

आशीर्वाद. पट्टी परवा निघाली. बोटं अजून आखडतात, तेव्हा या वेळी अक्षरावरून तू मला बोल.

तुझं पत्र निहारनेच आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत तो आंघोळीला गेला, एरवी तो सकाळी आंघोळ करतो.

तू धुळवडीला खाली उभा होतास ते मी पाहिलं. रंगलेल्या माणसांत एकटा कोरडा उभा राहिलास तर दिसणारच. हाक मारली नाही. वर येतोस का ते बघत होते.

आता नीट वाच. मी चाळीस वर्षं रांधते आहे. कडेला वळी फिरवताना पहिल्याच वेढ्याला मला कळलं होतं की वाफ अडणार. तुझ्या दीदीची भुवईही माझ्या लक्षात होती. फार तर झाकण फुटेल असं वाटलं, इतकं उडेल असं नव्हतं वाटलं, ती माझी चूक. पण निहार शेजारी उभा राहून बरोबर तेच सांगत होता, आणि तो बरोबर, तू चूक, असं माझ्या ओट्यावर, तुझ्या वाढदिवसाला, मला होऊ द्यायचं नव्हतं. सुरी त्याच्या हातून घेतली तीही म्हणूनच. उडायचं असेल तर परक्याच्या पोरावर तुझ्यामुळे उडू नये.

म्हणजे तू जळलास, तो जळला आणि हात माझा. मी तिघांत कमी होते असं समजू नकोस. त्याचा तवा तुला सुचायला हवा होता, असं मला त्या पहिल्या बुधवारी दोन्ही वेळा वाढून घेताना वाटत होतं.

तू केलंस ते वाईट केलंस. ते मी विसरणार नाही, आणि तू विसरलास तर आठवण करून देईन.

खोली निहारची. त्याला हो सांगितलंय. हॉलमध्ये दिवाण आहे, गादी उन्हात टाकली आहे. कपाटाच्या डाव्या बाजूची किल्ली देव्हाऱ्यात जिथे असते तिथे आहे. आणि तो मला काय म्हणतो ते मी ठरवलं, आत्याच म्हणेल. तू हवं तर आणखी मोठ्याने म्हण.

मंगळवारी पाडवा आहे, पण पाडव्याला घरी ये असं म्हणणार नाही, गुढी उतरवताना तुम्ही दोघं काठीवरून भांडाल. बुधवारी ये. निहार साडेसहाला बसमधून उतरतो, त्याच्या आधी पोच. लीलव्याचा मोसम संपला, येताना वाटाणे आण. भाखरीचं पीठ मी भिजवून ठेवते, माझ्या बोटांना तेवढा व्यायाम डॉक्टरांनी सांगितलाय. तवा निहार तापवेल. स्टुलाखालचं रबर काढलंय, पण त्यावर मी बसणार आहे, तुम्ही दोघं उभे राहा.

चिरा तू पाडायच्या आणि सुरीही तूच लावायची. आम्ही दोघं तोवर दारात थांबू.

तुझी,
आत्या